चादरीचा ग्राफ आणि देनिझलीच्या बाई : कापडाने, यंत्राने, नक्षीने तुमची परक्या देशातल्या कुणाशी गाठ पडली का?

रेशीमगाठ
शनिवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात अशोक चौकातलं आमचं जुनं घर रिकामं केलं. माळ्यावर पत्र्याची एक पेटी निघाली आणि त्यात नान्नांचे ग्राफ. (आम्ही पद्मशाली, घरची भाषा तेलुगू. वडिलांना नान्ना म्हणतो.) नान्नांनी एकतीस वर्षं सोलापुरी चादरीची डिझाइनं काढली.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ग्राफ म्हणजे बारीक चौकटींचा कागद. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे धोट्याची एक फेरी. लाल रंगाने भरलेल्या चौकोनापाशी ताणा वर उचलायचा, कोऱ्यापाशी खाली ठेवायचा. ग्राफ तयार झाला की तो कार्ड पंच करणाऱ्याकडे जायचा. एका आडव्या ओळीचं एक पुठ्ठ्याचं कार्ड, भरलेल्या चौकोनाला भोक. सगळी कार्डं दोरीने ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावरच्या जकार्ड नावाच्या यंत्रावर चढवायची. भोक असलं की सुई आत जाते, हुक जागच्या जागी राहतो आणि पातं त्याला घेऊन वर जातं. भोक नसलं की सुई मागे रेटली जाते, हुक पात्यावरून सुटतो, धागा खालीच राहतो. मोराच्या एका डोळ्यासाठी नान्ना दोन-दोन दिवस रबर आणि पेन्सिल घेऊन बसायचे, ते मी लहानपणी पाहिलंय.

त्यातला एक ग्राफ मी फ्रेम करून पुण्याच्या घरात भिंतीवर लावला. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर एक तुर्की सहकारीण बोलता बोलता थांबली. म्हणाली, तुझ्या मागे काय आहे ते? ती देनिझलीची. ते तिकडचं टॉवेलचं मोठं गाव. तिच्या आईने तिथल्या कारखान्यात हेच काम केलेलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघींनी नान्ना आणि तिच्या आईची गाठ घालून दिली. नान्नांना तेलुगू, मराठी आणि कामापुरती कानडी येते. बाईंना फक्त तुर्की. दुभाष्या म्हणून आम्ही दोघी इंग्रजीत बोलायला बसलो होतो, पण पाच-दहा मिनिटांत आमचं काम संपलं. बाईंनी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. नान्नांनी चष्मा वर केला, पेन्सिलच्या टोकाने स्क्रीनवरच चौकोन मोजले आणि म्हणाले, "सात वर, एक खाली. साटीन." बाई मान हलवत म्हणाल्या, "सातेन." हे म्हणाले जकार्ड, त्या म्हणाल्या जाकार. आई पदराने डोळे पुसत होती, का ते तिला सांगता येईना.

तेव्हापासून मनात घोळतंय. एखाद्या वस्तूने, यंत्राने, चिन्हाने, नक्षीने तुमचं परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या माणसाशी नातं जोडलंय का? लिहा. लांबलचक लिहिलंत तरी चालेल.


कडकभाकरी
शनिवार, ९.४२

किती सुंदर लिहिलंय! पहिलं काम, त्या ग्राफचा फोटो टाका. दुसरं काम, नान्नांना नमस्कार सांगा. आमच्या घरी अजून १९९०च्या आसपासची मोराची चादर आहे. ती त्यांचीच असली तर?


होटगीरोड
शनिवार, १०.२५

गंमत बघा, सोलापुरात आपण सगळे सर्रास 'टर्किश टॉवेल' म्हणतो, पण तो शब्द कुठून आला याचा विचार कुणी करत नाही. मी २२ वर्षं टॉवेल निर्यातीच्या कामात आहे, म्हणून थोडं सांगतो.

हेन्री ख्रिस्ती नावाचे इंग्रज गृहस्थ तुर्कस्तानात फिरताना हातमागावरचा, वर धाग्याचे फासे असलेला टॉवेल बघून आले. त्यांच्या घरचा कारखाना होता. तिथे सॅम्युअल होल्ट यांनी तसं कापड यंत्रावर विणायची युक्ती काढली आणि १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात तो टॉवेल मांडला गेला. युक्ती सोपी वाटते, पण डोकं लावून केलेली आहे. मागाला ताण्याचे दोन बीम, म्हणजे रूळ. एकाचा ताणा तंग, दुसऱ्याचा सैल. दोन फेऱ्या कापडापासून जरा लांबच ठेवायच्या, तिसऱ्या फेरीला फणीने तिन्ही एकदम ठोकून कापडाला भिडवायच्या. तंग ताणा जागचा हलत नाही, सैल ताणा पुढे सरकून त्याचे फासे उभे राहतात. पाणी टिपतात ते हे फासे.

म्हणजे नक्षी तुर्कस्तानची, यंत्र इंग्लंडचं, हात तेलंगणातून आलेल्या विणकरांचे, आणि माल सोलापूरचा. आता आमचा टॉवेल न्हावाशेव्याहून कंटेनरने जगभर जातो. देनिझलीच्या बाईंना सांगा, तुमच्याकडून आणलेली वस्तू आम्ही नीट सांभाळली आहे.


बाळीवेस
शनिवार, १०.३१

काय लिहिलंय बे! मी रोज अंघोळीनंतर एवढा इतिहास अंगाला गुंडाळत होतो, आज कळलं.


सुईदोरा
शनिवार, ११.५०

माझी गोष्ट छोटी आहे. करोनाच्या काळात घरात बसून क्रोशा शिकले. एक जपानी आकृती कुणीतरी पाठवली. शब्द सगळे जपानी, एकही अक्षर कळेना. पण आकृतीत लांबट गोल म्हणजे साखळी, फुली म्हणजे मुका खांब, टी-सारख्या खुणेवर तिरकी रेघ म्हणजे खांब. मधून सुरू करायचं आणि गोल गोल बाहेर जायचं. चुकतमाकत कमळाचं थालपोस झालं. मी त्याचा फोटो त्या पानावर टाकला. ज्या बाईंनी ती आकृती काढली होती त्यांनी उलट एक खूण पाठवली, फक्त फुल्यांची रांग, आणि एक हसरा चेहरा. मी ती रांग विणली. थालपोसाची किनार पूर्ण झाली! त्यांनी मला चुकलेली फेरी दुरुस्त करून दिली होती, एक शब्दही न बोलता.


धोटा
शनिवार, दुपारी १.१५

सगळं छान चाललंय, पण मला थोडं वेगळं बोलायचंय. राग मानू नका.

माझे वडील आणि आजोबा दोघेही मागावर. मी नाही. यंत्र माणसं जोडतं हे जोडणाऱ्याच्या बाजूने खरं असेल. कुयरीचं बघा. इराण-काश्मीरची नक्षी. काश्मिरी विणकर एक-एक शाल महिनोन्‌महिने विणायचे. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावाने तीच नक्षी जकार्ड मागावर भराभर काढली. आज अर्ध्या जगात त्या कुयरीला पेस्ली म्हणतात. नक्षी इकडची आणि नाव तिकडचं! काश्मीरच्या विणकराच्या हातात काय राहिलं?

जकार्ड आलं तेव्हा खुद्द फ्रान्समधल्या लिओंचे रेशीम विणकरसुद्धा खूश नव्हते. मजुरीसाठी १८३१ आणि १८३४ला ते रस्त्यावर उतरले, रक्त सांडलं. आणि आपल्याकडे? माझ्या काकांनी तीन आठवडे बसून काढलेलं डिझाइन कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून नेलं आणि महिन्याभरात दुसऱ्या गावाहून स्वस्त छापील चादर बाजारात आली. छापील! विणलेली नाही. गिऱ्हाईक दोन्ही सारख्याच समजतं. त्या मोबाइलनेही 'जोडलं'च की.


रेशीमगाठ
शनिवार, १.४०

@कडकभाकरी, ग्राफचा फोटो टाकलाय. @धोटा, राग कसला. तुमचं म्हणणं मला आतून कळतं. नान्नांचं नाव एकाही चादरीवर नाही. पेटीतल्या प्रत्येक ग्राफच्या कोपऱ्यात मात्र पेन्सिलने बारीक तेलुगू अक्षरात तारीख आणि एक 'वें' आहे. कारखान्यात जाणाऱ्या प्रतीचा मात्र तो कोपरा कापूनच कार्ड पंच करायला द्यायचे. काकांच्या बाबतीत जे झालं ते वाचून वाईट वाटलं.


वकील_सोलापूर
शनिवार, २.२०

@धोटा, कामाची माहिती. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, आहे. पण ते नावाचं रक्षण करतं, म्हणजे बाहेरच्या मालाला 'सोलापुरी चादर' म्हणता येत नाही. नक्षीचं रक्षण वेगळं. त्यासाठी डिझाइन कायदा, २०००, खाली नोंदणी करावी लागते. ती दहा वर्षं चालते, पुढे पाच वर्षं वाढवता येते. मात्र बाजारात आणायच्या आधी नोंदवायला हवी, एकदा जगजाहीर झाली की नवेपणा गेला. आपल्याकडे डिझाइनर नोंदवत नाहीत, कारण त्यांना कुणी सांगतच नाही. काकांचं पुढचं डिझाइन असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, फी घेणार नाही.


बाळीवेस
शनिवार, २.२५

वकीलसाहेब, फुकट सल्ला? सिद्धेश्वर पावला बे आज!


गणितमास्तर
शनिवार, ४.०५

धोटा यांच्या मुद्द्याला मान देऊन एक तिसरीच गोष्ट सांगतो.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळ्या निघतात. सोलापुरात तेलुगू घरांसमोर रोज पहाटे मुग्गु असतोच. ठिपके मांडायचे आणि त्यांच्याभोवती न उचलता रेघ फिरवून परत जिथून निघालो तिथे आणून मिटवायची. मी आठवीच्या मुलांना हे फळ्यावर काढून दाखवत होतो. किती ठिपक्यांत एकच रेघ पुरते, किती ठिपक्यांत दोन लागतात. अमुक ठिपके असले की रेघ का तुटते. मुलं वेडी होतात.

मग वाचनात आलं की आफ्रिकेत अंगोलाकडचे चोक्वे लोक वाळूत हेच करतात. ठिपके, भोवती एक अखंड रेघ. त्याला सोना म्हणतात. मोठी माणसं पोरांना गोष्ट सांगता सांगता बोटाने काढतात, रेघ पुरी झाली की गोष्ट संपते. त्यांनी आपल्याकडून घेतलं नाही, आपण त्यांच्याकडून नाही. कुणी चोरलं नाही, कुणी विकलं नाही. इंटरनेट नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. आता माझ्या वर्गात मुग्गु आणि सोना शेजारी-शेजारी लावलेत. शाळेत आलेल्या एका आजीबाईंनी सोनाची आकृती बघून विचारलं, "ही कुठल्या पेठेतली?"


मुग्गु_अक्का
शनिवार, ४.३०

मास्तर, तुमच्या त्या आजीबाई आमच्या साखर पेठेतल्याच असणार :) माझी अव्वा, म्हणजे आजी, पंधरा ते आठ ठिपक्यांचा मुग्गु डोळे मिटून काढायची. ती सोनाची आकृती मला पाठवा, संक्रांतीला दारात काढते.


ऐकणारा
शनिवार, रात्री ८.१५

मी हा धागा वाचत नाहीये, ऐकतोय. जन्मतः दृष्टी नाही. सोलापुरातच वाढलो, आता बँकेत आहे.

रेशीमगाठ यांनी भोक आहे किंवा नाही एवढ्यावर मोर उभा राहतो असं लिहिलंय, ते मला सगळ्यांच्या आधी कळलं असणार. ब्रेल तसंच आहे. सहा जागा, टिंब आहे किंवा नाही. लुई ब्रेल या फ्रेंच मुलाने ते वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ला, जुळवलं. आपल्या देशात आधी प्रत्येक भागाचं वेगळं ब्रेल होतं. १९५१ पासून भारती ब्रेल आलं. त्यात मराठी 'क', तेलुगू 'क' आणि तमिळ 'क' यांची टिंबं एकच. म्हणून माझा हैदराबादचा मित्र मला तेलुगूत पत्र लिहायचा तेव्हा अक्षरं मी वाचू शकायचो, अर्थ शेजारच्या काकूंना विचारायचो. डोळस लोकांना ही सोय नाही!

आणि हा धागा मला वाचून दाखवतंय ते एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी, मायकल करन आणि जेम्स टेह यांनी, २००६ला ते सुरू केलं. कारण तेव्हाची असली सॉफ्टवेअरं आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर महाग होती. हे फुकट आहे. मराठी बोलतं. आवाज जरा डब्यातून आल्यासारखा आहे, पण माझ्यासाठी तो जगातला सगळ्यात ओळखीचा आवाज आहे. त्या दोघांना मी कधी भेटलेलो नाही. पहिला पगार झाला त्या दिवशी त्यांच्या संस्थेला पाचशे रुपये पाठवले. आईने विचारलं, कुणाला? म्हटलं, माझे डोळे आहेत तिकडे.


कडकभाकरी
शनिवार, ८.३४

@ऐकणारा, काय लिहू कळत नाहीये. खूप खूप आभार लिहिल्याबद्दल.


नवीपेठ_आजोबा
रविवार, सकाळी ६.५०

मी ७८ वर्षांचा. नातीने हा धागा वाचून दाखवला. सोलापूर आणि परदेश म्हटल्यावर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहायला सांगितलं.

जन्म सोलापूरचा, १९१०चा. चीन-जपान युद्धात १९३८ला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. कोटणीस तिथेच राहिले, चिनी भाषा शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या. तिथल्याच परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ला वयाच्या ३२व्या वर्षी गेले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, चीनची माणसं तिथे येऊन फुलं वाहतात.

तिथे ना व्हिडिओ कॉल होता, ना ग्राफ. तुमचं यंत्र-तंत्र ठीक आहे, पण माणूस जाऊन राहिला म्हणून जोडलं गेलं. हे माझं मत.


होटगीरोड
रविवार, ८.१०

आजोबा, नमस्कार. तुमचं म्हणणं डोक्यावर. पण डॉक्टरांच्या हातातली सुई, टाका घालायची पद्धत, नाडी बघायची रीत, ती दोन्ही देशांत एकच होती म्हणून पहिल्या दिवसापासून ते कामाला लागू शकले, भाषा मागून आली. नान्ना आणि देनिझलीच्या बाईंचं तेच झालं की.


नवीपेठ_आजोबा
रविवार, ९.००

हे पटलं.


संगणक_पाटील
रविवार, ९.४५

जकार्डवरून राहवलं नाही. आम्हाला शिकवलं तो किस्सा: जकार्ड या फ्रेंच माणसाचं यंत्र १८०४चं. चार्ल्स बॅबेजनी आपल्या गणिती यंत्रासाठी तीच भोकांची कार्डं योजली. त्यांच्याकडे जकार्डची रेशमात विणलेली तसबीर होती. ती विणायला सुमारे २४,००० कार्डं लागली होती! एडा लवलेसने १८४३ला लिहून ठेवलंय की जकार्डचा माग फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. पुढे हॉलरिथने १८९०च्या अमेरिकन जनगणनेला कार्डं वापरली, त्यातून आयबीएम. म्हणजे आपण आज ज्यावर टाइप करतोय त्याची आजी मागावर बसलेली आहे.


गणितमास्तर
रविवार, १०.२०

पाटील, एक दुरुस्ती. हॉलरिथ यांना कार्डाची कल्पना रेल्वेच्या तिकिटावरून सुचली. तिकडे तिकीट तपासनीस प्रवाशाचं वर्णन, केसांचा-डोळ्यांचा रंग वगैरे, तिकिटाला भोकं पाडून नोंदवत. त्यामुळे मागापासून संगणकापर्यंत एकच सरळ धागा ओढू नये. दोन-तीन धागे आहेत.


संगणक_पाटील
रविवार, १०.२८

मान्य. शिकवताना आम्हाला हे सांगितलं नव्हतं. रेल्वेचा धागाही सोलापूरला शोभतोच.


मागवाडी
रविवार, दुपारी १२.३०

मी सध्या नागोयात, जपानमध्ये. बाबा यंत्रमागाचे फिटर होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांच्या डब्याबरोबर लहानपण गेलं. हा धागा रात्रभर वाचला आणि आता लिहितोय, कारण माझ्याकडे एक साखळी आहे आणि तिच्यात दुरुस्ती निघाली तरी चालेल.

इथे टोयोटाचं एक संग्रहालय आहे, टोयोडांच्या जुन्या कापड कारखान्याच्या जागेवर. मी गेलो तो गाड्या बघायला. आत शिरलो तर आधी माग! रांगेने. एका बाईंनी एक माग चालू केला आणि मी जागीच थांबलो. खट्‌-खटाक्, खट्‌-खटाक्. तो आवाज मी झोपेत ओळखतो. त्या आवाजात मला डबा, ग्रीसचा वास, बाबांचा खाकी शर्ट, सगळं आलं.

साकिची टोयोडा हे सुताराचे पोर. आईला हातमागावर राबताना बघून त्यांनी १८९०च्या सुमारास सुधारलेला लाकडी माग केला. १९२४ला त्यांचा 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग आला. ताण्याचा एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबतो. धोट्यातली कांडी संपत आली की न थांबता धोटा बदलतो. त्या बाईंनी मुद्दाम कात्रीने एक धागा तोडला आणि माग गप्प! मला बाबा आठवले. ते तुटलेला धागा हाताने शोधायचे, तोवर चार इंच कापड वाया गेलेलं असायचं.

आता पुढचं. इंग्लंडच्या ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स, जिची यंत्रं भारतातल्या गिरण्यांत भरलेली होती, तिने १९२९ला त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. जपानी मागाचे हक्क इंग्रजांनी विकत घेतले! त्या सुमारास साकिचींच्या मुलाने, किइचिरोने, मोटारीचं काम हाती घेतलं. त्यातून टोयोटा. टोयोटातून १९४९ला मोटारीचे भाग बनवणारी डेन्सो ही कंपनी वेगळी झाली. आणि डेन्सोच्याच घरात १९९४ला मासाहिरो हारा यांनी क्यूआर कोड काढला. कारखान्यातले मोटारीचे सुटे भाग मोजायला. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या गो खेळाच्या पटावरून त्यांना ते सुचलं असं ते सांगतात. पेटंट होतं, पण वापरू द्यायला पैसे मागितले नाहीत, म्हणून जगभर पसरला.

काळा चौकोन, पांढरा चौकोन. @रेशीमगाठ, नान्नांच्या ग्राफचा फोटो बघितला तेव्हा माझ्या डोळ्यांना पहिल्यांदा क्यूआर कोडच दिसला. आईला फोन केला, ती गड्ड्यात शेंगाचटणीचा गाळा लावते. तिच्या गाळ्यावर तोच कोड लटकतोय. म्हटलं, आई, तुझ्या पाटीवर जे आहे ते मागाच्या घरातलं आहे. ती म्हणाली, "होय का? मग बाबांना दाखव." बाबांच्या फोटोसमोर ठेवला मी.


कडकभाकरी
रविवार, १२.५५

मी रडतेय आणि भाकरी करपली.


सुईदोरा
रविवार, १.१०

इमोजीसुद्धा त्याच घरातले म्हणायला हरकत नाही. जपानच्याच शिगेताका कुरिता यांनी १९९९ला फोनसाठी १७६ चित्रं काढली, एकेक १२ × १२ चौकोनांत. मी ती क्रोशात विणून बघितली. बसली! मला किनार दुरुस्त करून देणाऱ्या बाईंना हृदय पाठवलं, दोऱ्यात विणलेलं, टपालाने. एकवीस दिवसांनी पोचलं.


होटगीरोड
रविवार, ४.००

चिन्हांवरून एक फजिती. टॉवेलच्या लेबलवर धुण्याच्या खुणा असतात. पाण्याचं टोपलं, त्रिकोण, चौकोन, इस्त्री. त्या १९६३ला पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या आहेत. फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच नको. एका खेपेला लेबल छापणाऱ्याकडून ती फुली राहिली. रंगीत टॉवेल, चाळीस पेट्या, सकाळी कंटेनर लागणार. रात्री साडेनऊला कळलं. आम्ही अकरा माणसं, त्यात शेजारच्या विडी कारखान्यातल्या चार मावश्या, पेनाने एकेका लेबलवर फुली मारत बसलो. पहाटे पाचला संपलं. मावश्यांनी विचारलं, ही फुली कुणासाठी? म्हटलं, परदेशातल्या एखाद्या बाईसाठी, तिच्या टॉवेलचा रंग जाऊ नये म्हणून. त्यानंतर मावश्यांनी एकही फुली वाकडी काढली नाही.

@धोटा, तुम्ही गप्प आहात. तुमचा मुद्दा मी विसरलेलो नाही.


धोटा
रविवार, रात्री ९.२०

गप्प नाही, वाचत होतो. काकांना सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. माझं मत मी मागे घेत नाही. ज्याची नक्षी त्याचं नाव राहायला हवं, नाहीतर जोडलं जाणं आणि लुटलं जाणं यात फरक राहत नाही. पण मागवाडी यांच्या पोस्टवर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या जपानी माणसाच्या आईला हातमागावर बघून त्याने माग केला ना, मग तो आपलाच.

वकीलसाहेब, काकांचं एक कमळाचं डिझाइन आहे, अजून कुणाला दाखवलेलं नाही. निरोप केला आहे.


वकील_सोलापूर
रविवार, ९.२६

मिळाला. बुधवारी संध्याकाळी या.


रेशीमगाठ
पुढच्या शनिवारी, सकाळी ७.४०

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं आहे.

तुमच्या सगळ्यांच्या पोस्टी नान्नांना वाचून दाखवल्या. ऐकणारा यांची दोनदा. त्यांनी स्वतः फक्त एक वाक्य लिहायला सांगितलंय: "१९९०ची मोराची चादर असेल तर उजव्या पंखाच्या टोकाशी एक पीस कमी आहे का बघा, तसं असलं तर ती माझी." @कडकभाकरी, बघा.

दुसरी गोष्ट देनिझलीची. बाईंनी मंगळवारी एका नव्या ग्राफचा फोटो पाठवला. डाळिंबाची वेल. नान्नांनी तो आम्हाला मोठा छापून आणायला लावला, रात्रभर भिंग घेऊन बसले. सकाळी त्यांनी लाल पेन्सिलने एका चौकोनाभोवती गोल केला. तिथे एक चौकोन भरायचा राहिला होता, त्यामुळे धागा बावीस घरं मोकळा लोंबला असता आणि धुतल्यावर कुठेतरी अडकून तुटला असता. त्यांनी एक अक्षरही लिहिलं नाही. फोटो काढून पाठवून दिला.

काल संध्याकाळी उत्तर आलं. तोच कागद, तोच चौकोन, आता भरलेला. आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे बाई आपली सही करतात, तिच्या शेजारी पेन्सिलने काढलेलं एक वेडंवाकडं तेलुगू 'वें'. नान्नांच्या फोटोतल्या ग्राफवरचं बघून बघून काढलेलं.


कडकभाकरी
शनिवार, ८.०२

उजव्या पंखाच्या टोकाशी. एक पीस कमी आहे. चादर माझ्या मांडीवर आहे, मी आत्ता मोजलं. नान्नांना भेटायला कधी येऊ?